जपानमधील कोबान व्यवस्था आणि परदेशस्थ रहिवासी : सुरक्षितता व संशय यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन

बीजसंज्ञा : कोबान, परदेशस्थ रहिवासी, सामुदायिक पोलीस कार्य, निवासपत्र, अटकेची कार्यपद्धती

प्रस्तावना

कोणत्याही देशातील पोलीस यंत्रणेचे मूल्यमापन साधारणतः गुन्ह्यांच्या आकडेवारीवरून केले जाते. तथापि आकडेवारीतून जे दिसत नाही, ते त्या देशात बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाच्या अनुभवातून दिसते. स्थानिक नागरिकाला जे अंगवळणी पडलेले असते, ते परदेशस्थ रहिवाशाला वेगळे जाणवते. त्याला एकीकडे समाजाच्या सुरक्षिततेचा लाभ मिळतो, तर दुसरीकडे तो त्याच समाजाच्या संशयाचा विषय होण्याची शक्यता असते. ही दुहेरी स्थिती जपानमध्ये विशेष स्पष्टपणे आढळते.

जपान हा जगातील सर्वांत सुरक्षित देशांपैकी एक मानला जातो. तेथील खुनाचे वार्षिक प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे एकपेक्षाही पुष्कळ कमी आहे. २०२४ च्या अखेरीस तेथील परदेशी रहिवाशांची संख्या सुमारे ३७ लाख ७० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे ३ टक्के होती. त्यांत भारतीयांची संख्या ५० हजारांहून अधिक असून टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशीकासाई परिसर ही त्यांची प्रमुख वस्ती होय. २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातील तंत्रज्ञांच्या आगमनाने ही वस्ती वाढीस लागली. महाराष्ट्रातून गेलेल्या योगेंद्र पुराणिक यांनी जपानी नागरिकत्व स्वीकारल्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये याच प्रभागाच्या परिषदेची निवडणूक जिंकली. मराठी कुटुंबांचा या देशाशी संबंध आता केवळ पर्यटनापुरता राहिलेला नाही, त्यामुळे तेथील पोलीस व्यवस्थेची ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. कोबान व्यवस्थेचे स्वरूप व कार्य स्पष्ट करणे.
२. परदेशी निरीक्षकांनी व रहिवाशांनी या व्यवस्थेकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा आढावा घेणे.
३. अटक व चौकशीच्या कार्यपद्धतीतील परदेशस्थांच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबी निदर्शनास आणणे.

कोबान : स्वरूप आणि कार्य

कोबान म्हणजे वस्तीतील छोटी पोलीस चौकी. १८७४ मध्ये टोकियो महानगर पोलीस दलाची स्थापना झाली, त्याच काळात या चौक्यांचा प्रारंभ झाला. आरंभी ही केवळ पहाऱ्याची ठिकाणे होती. पुढे तेथे कायमची इमारत आली आणि पाळीपाळीने चोवीस तास काम करण्याची पद्धत रूढ झाली. ग्रामीण भागात याच व्यवस्थेचे दुसरे रूप आढळते. त्यास चूझाइशो म्हणतात. येथे पोलीस कर्मचारी आपल्या कुटुंबासह चौकीला जोडलेल्या घरातच राहतो. कोबान व चूझाइशो मिळून देशात सुमारे १२ हजार चौक्या आहेत.

कोबानमधील पोलिसाच्या कामाचा फार थोडा भाग प्रत्यक्ष गुन्ह्यांशी निगडित असतो. पत्ता सांगणे, वाट चुकलेल्या वृद्धाला घरी पोहोचवणे, शेजाऱ्यांतील कुरबुरी ऐकून घेणे, सापडलेल्या वस्तू जमा करून घेणे ही त्याची नित्याची कामे होत. ठरावीक काळाने तो आपल्या हद्दीतील घरोघरी जातो आणि कुटुंबातील व्यक्ती व आपत्काळी कोणास कळवावे यांची माहिती नोंदवून घेतो. ही माहिती देणे ऐच्छिक असते. या पोलिसाला लोक ‘ओमावारीसान’, म्हणजे फेरी मारणारा गृहस्थ, असे संबोधतात. पोलिसाच्या पदापेक्षा त्याच्या पायपिटीवरून पडलेले हे नाव पोलीस व वस्ती यांच्यातील नात्याचे द्योतक आहे.

या नात्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हरवलेल्या वस्तूंची व्यवस्था. एकट्या टोकियोत २०१८ मध्ये सुमारे ४१ लाख हरवलेल्या वस्तू पोलिसांकडे जमा झाल्या. वस्तू सापडणाऱ्यास तिच्या किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. तीन महिन्यांत मालक न मिळाल्यास सर्वसाधारणपणे वस्तू सापडणाऱ्याची होते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, ती २००७ पासून कमी करण्यात आली. उलटपक्षी, सापडलेली वस्तू स्वतःजवळ ठेवणे हा दंडसंहितेच्या कलम २५४ नुसार गुन्हा आहे. परदेशी माणूस आपले हरवलेले पाकीट पैशांसह परत मिळाल्याची हकीकत मोठ्या कौतुकाने सांगतो आणि ती बहुधा जपानी माणसाच्या प्रामाणिकपणाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु त्यामागे पायी जाता येईल इतक्या अंतरावरची चौकी, मोबदल्याचा हक्क आणि शिक्षेची तरतूद अशी तिहेरी रचना आहे. सद्गुणाला व्यवस्थेचा आधार मिळाला म्हणजे तो टिकतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

परदेशी निरीक्षकांची दृष्टी

जपानी समाज आणि पोलीस यांच्या संबंधाकडे परदेशी लेखकांचे लक्ष फार पूर्वीपासून वेधले गेले. १८९० मध्ये जपानला जाऊन तेथेच स्थायिक झालेले लेखक लाफ्काडिओ हर्न यांनी १८९६ मधील ‘कोकोरो’ या संग्रहात कुमामोतोच्या रेल्वे स्थानकावरील एक प्रसंग वर्णिला आहे. पोलिसाचा खून करून फरार झालेल्या गुन्हेगारास तेथे आणले जाते. त्याला मृत पोलिसाच्या विधवेसमोर व लहान मुलासमोर उभे केले जाते. ते मूल पाहून गुन्हेगार जमिनीवर कोसळतो व क्षमा मागतो. जमलेला समुदाय त्याच्यावर धावून न जाता अश्रू ढाळतो. गुन्ह्याचा कबुलीजबाब आणि पश्चात्ताप यांना जपानी समाजमनात असलेले स्थान हर्न यांनी अचूक टिपले होते. पुढील विवेचनात दिसून येईल की, कबुलीचे हेच महत्त्व आधुनिक चौकशीपद्धतीत परदेशस्थांच्या अडचणीचे कारण ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बेली यांनी १९७६ मध्ये, तर वॉल्टर एम्स यांनी १९८१ मध्ये जपानी पोलिसांवरील अभ्यास प्रसिद्ध केले. अमेरिकी शहरांत गुन्हेगारी वाढत असण्याचा तो काळ होता. त्यामुळे वस्तीशी एकरूप झालेला जपानी पोलीस हा अनुकरणीय आदर्श म्हणून पुढे आला. सिंगापूरने १९८३ पासून कोबानच्या धर्तीवर वस्तीतील पोलीस चौक्या सुरू केल्या. मात्र या आदर्शाची दुसरी बाजू म्हणजे घरोघरी माहिती गोळा करणारा पोलीस हा नागरिकांवर नजर ठेवणाराही असतो. स्वतःस समाजाचा पूर्ण घटक मानणाऱ्या व्यक्तीस ही नजर काळजीची वाटते. ज्याला समाजाने अद्याप आपले मानलेले नाही, त्याला तीच नजर पाळतीची वाटते.

सुरक्षितता आणि संशय

जपानमध्ये दंडसंहितेखालील गुन्ह्यांची नोंद २००२ मध्ये सुमारे २८ लाख ५० हजार इतकी सर्वोच्च होती. ती सतत घटत जाऊन २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ६८ हजारांवर आली. त्यानंतर पुन्हा काही वाढ होऊन २०२४ मध्ये ती सुमारे ७ लाख ३८ हजार झाली. उच्चांकाच्या आगेमागे, म्हणजे २००० च्या दशकाच्या प्रारंभी, परदेशी लोकांमुळे गुन्हे वाढतात असा समज प्रबळ होता. टोकियोचे तत्कालीन राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी एप्रिल २००० मध्ये केलेल्या भाषणात परदेशी लोकांचा गुन्हेगारीशी संबंध जोडला व त्यावर तीव्र टीका झाली. प्रत्यक्षात स्थायी रहिवासी वगळता अन्य परदेशी व्यक्तींविरुद्ध उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची संख्या २००५ मध्ये उच्चांकावर होती. त्यानंतर परदेशी रहिवाशांची संख्या २० लाखांवरून जवळजवळ दुप्पट झाली. तरीही गुन्ह्यांनी तो उच्चांक पुन्हा गाठला नाही. अलीकडील काही वर्षांतील वाढ लक्षात घेऊनही असे म्हणता येते की, परदेशी लोकसंख्या व गुन्हेगारी यांचा सरळ कार्यकारणसंबंध या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

समज मात्र आकड्यांच्या गतीने बदलत नाही. रस्त्यात थांबवून केली जाणारी विचारपूस हा परदेशी रहिवाशांच्या अनुभवातील सर्वांत सामान्य प्रसंग होय. १९४८ च्या पोलीस कर्तव्यविषयक कायद्यातील कलम २ नुसार वर्तन असाधारण वाटल्यास व गुन्ह्याचा वाजवी संशय असल्यास पोलिसास व्यक्तीस थांबवून प्रश्न विचारता येतात. कायद्याचा निकष वर्तनाचा आहे, चेहऱ्याचा नाही. तरीही निव्वळ रूपामुळे थांबवले जात असल्याची तक्रार सातत्याने होत आली आहे. टोकियो वकील संघाने २०२२ मध्ये परदेशी मूळ असलेल्या सुमारे २ हजार व्यक्तींची पाहणी केली. तीत जवळपास ६३ टक्के उत्तरदात्यांनी मागील पाच वर्षांत पोलिसांनी आपणास थांबवल्याचे सांगितले. ही पाहणी स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांची असल्याने तिचे प्रमाण सर्व परदेशस्थांना लागू करता येणार नाही, तथापि अनुभवाची व्याप्ती तीवरून ध्यानात येते. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी मूळ असलेल्या तीन रहिवाशांनी या प्रथेविरुद्ध टोकियो जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला.

या विचारपुशीस कागदपत्रांच्या सक्तीची जोड आहे. जुलै २०१२ पासून दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस निवासपत्र दिले जाते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने ते सदैव जवळ बाळगणे आवश्यक असून न बाळगल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. अधिकाऱ्याने मागणी करूनही ते न दाखवल्यास कैदेचीही तरतूद आहे. जपानी नागरिकावर ओळखपत्र बाळगण्याची अशी सक्ती नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणावयास निघालेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकावर कायद्याचे बंधन आहे व दुसऱ्यावर नाही, असा याचा अर्थ होतो.

सायकल हे याचे दुसरे उदाहरण. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलची पोलिसांकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मायदेशी परतणारा विद्यार्थी आपली सायकल मित्रास देऊन जातो, पण नोंदणी बदलावयाची राहून जाते. रात्री तपासणीत सायकल दुसऱ्याच्या नावावर आढळते आणि नव्या मालकास चोरीचा किंवा सापडलेली वस्तू बळकावल्याचा संशयित म्हणून ठाण्यात जावे लागते. हरवलेले पाकीट परत मिळवून देणारा कायदा आणि सायकलस्वारास अडचणीत आणणारा कायदा हा मुळात एकच आहे. औषधांच्या बाबतीतही दक्षता आवश्यक ठरते. अन्य देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळणारी काही वेदनाशामके जपानमध्ये पूर्वपरवानगीशिवाय आणता वा मागवता येत नाहीत.

अटक व चौकशी : २३ दिवसांची मुदत

विचारपुशीचे रूपांतर अटकेत झाल्यास परदेशस्थापुढे सर्वस्वी भिन्न व्यवस्था उभी राहते. अटकेनंतर पोलिसांनी ४८ तासांच्या आत संशयितास सरकारी वकिलाकडे पाठवावयाचे असते. सरकारी वकिलास पुढील २४ तासांत न्यायाधीशाकडे कोठडीची मागणी करता येते. न्यायाधीश प्रथम १० दिवसांची व नंतर आणखी १० दिवसांपर्यंतची कोठडी मंजूर करू शकतो. अशा प्रकारे एका आरोपासाठी आरोपपत्रापूर्वी एकूण २३ दिवसांपर्यंत अटकेत ठेवता येते. दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक झाल्यास ही मुदत नव्याने सुरू होते. आरोपपत्र दाखल होईपर्यंत जामिनाची तरतूद नाही. हा काळ बहुधा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत काढावा लागतो आणि चौकशीच्या वेळी वकिलास उपस्थित राहू देण्याची प्रथा नाही.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने यातील एक भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. भारतीय पुरावा कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिले आहे. जपानमध्ये मात्र चौकशी अधिकाऱ्याने लिहिलेला व संशयिताने स्वाक्षरी केलेला जबाब, तो स्वेच्छेने दिलेला असल्यास, पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. जबाब जपानी भाषेत लिहिला जातो आणि दुभाष्याकरवी तोंडी समजावून सांगितला जातो. ‘पोलिसासमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही’ या मायदेशातील समजुतीवर विसंबून स्वाक्षरी करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होते. जपानी संविधानाच्या कलम ३८ ने मौनाचा हक्क दिला आहे. जबाबावर स्वाक्षरी नाकारण्याचा हक्कही फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. हे हक्क वापरण्यासाठी ते आधी ठाऊक असावे लागतात.

खटला उभा राहिलेल्या प्रकरणांत दोषसिद्धीचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. खटला न भरण्याचा व्यापक अधिकार सरकारी वकिलास असल्याने दुबळी प्रकरणे न्यायालयात पोहोचतच नाहीत, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. परंतु त्यामुळे निर्णयाचे खरे केंद्र न्यायालयातून चौकशीच्या खोलीत सरकते, हेही तितकेच खरे. निस्सान कंपनीचे माजी अध्यक्ष कार्लोस गोन यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये अटक झाली व डिसेंबर २०१९ मध्ये ते जामिनावर असताना देशाबाहेर निसटले. या प्रकरणाने या कार्यपद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले. तथापि ज्यांच्याजवळ पैसा नव्हता व प्रसिद्धीही नव्हती, अशांची प्रकरणे अधिक बोलकी आहेत.

दोन प्रकरणे

नेपाळचे गोविंद मैनाली हे टोकियोत काम करीत होते. मार्च १९९७ मध्ये शिबुया भागातील एका रिकाम्या खोलीत एका महिलेचा मृतदेह आढळला. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या मैनाली यांना प्रथम मुदतबाह्य वास्तव्यासाठी व नंतर खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांनी आरोप सतत नाकारला. एप्रिल २००० मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, परंतु त्यांची सुटका झाली नाही. अपील प्रलंबित असताना त्यांना अटकेतच ठेवण्यात आले आणि डिसेंबर २००० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. २०११ मधील डीएनए चाचणीतून अन्य पुरुषाचा संबंध सूचित झाला. जून २०१२ मध्ये फेरसुनावणी मंजूर होऊन ते मायदेशी परतले व नोव्हेंबर २०१२ मध्ये निर्दोष ठरले. आयुष्याची पंधरा वर्षे त्यांना गमवावी लागली.

दुसरे प्रकरण श्रीलंकेच्या विश्मा संदमाली यांचे. २०१७ मध्ये त्या शिक्षणासाठी जपानला गेल्या. ऑगस्ट २०२० मध्ये सोबत राहणाऱ्या पुरुषाच्या छळापासून संरक्षण मागण्यासाठी त्या पोलिसांकडे गेल्या असता वास्तव्याची मुदत संपल्याचे आढळून आले. त्यांना नागोया येथील स्थलांतर विभागाच्या कोठडीत पाठवण्यात आले. तेथे प्रकृती ढासळत जाऊन ६ मार्च २०२१ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. या घटनेने जपानमध्ये मोठे जनमत जागे झाले.

पहिल्या प्रकरणात संशयित परदेशी होता, तर दुसऱ्यात पीडित परदेशी होती. दोन्हींत वास्तव्याच्या कागदपत्रांचा प्रश्न हाच मूळ प्रश्नापुढे उभा राहिला. ज्या पीडितेस चौकीत जाण्याची भीती वाटते, तिच्यापुरता तो देश सुरक्षित नसतो. तिच्यावर झालेला गुन्हा नोंदलाच न गेल्याने आकडेवारी मात्र निर्मळ राहते.

उपलब्ध साहाय्य

पोलिसांसाठी ११० व रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलासाठी ११९ हे क्रमांक आहेत. १९९२ पासून देशभर ‘कर्तव्यावरील वकील’ ही योजना असून तीनुसार अटक झालेल्या व्यक्तीस वकील एकदा विनामूल्य येऊन भेटतो. त्यासाठी दुभाष्याची सोय केली जाते. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी व्यक्तीने इच्छा दर्शविल्यास तिच्या देशाच्या वकिलातीस कळवणे बंधनकारक आहे. येथे ‘इच्छा दर्शविल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागणी न केल्यास पुष्कळदा वार्ता घरापर्यंत पोहोचत नाही. म्हणून निवासपत्र जवळ बाळगणे, सायकलीची नोंदणी आपल्या नावावर करून घेणे, वकील व वकिलातीची मागणी स्पष्ट शब्दांत करणे आणि न समजलेल्या मजकुरावर स्वाक्षरी न करणे या चार गोष्टी जाणाऱ्या प्रत्येकास माहीत असणे हितावह होय.

निष्कर्ष

१. कोबान व्यवस्थेचे यश पोलिसाच्या वस्तीतील सततच्या उपस्थितीत व त्याच्या बिगरगुन्हेविषयक सेवेत आहे.
२. हीच जवळीक परदेशस्थाच्या बाबतीत संशयाचे रूप घेऊ शकते. एकाच पोलिसाकडून एकास मार्गदर्शन व दुसऱ्यास तपासणी असा अनुभव येतो.
३. दीर्घ कोठडी, वकिलाविना चौकशी व कबुलीवरील भर यांचा भार भाषा न जाणणाऱ्या व्यक्तीवर अधिक पडतो.
४. गुन्ह्यांची अल्प संख्या हा सुरक्षिततेचा आवश्यक निकष आहे, पण तो पुरेसा नाही. वस्तीतील सर्वांत परक्या माणसास चौकीचे दार किती निर्भयपणे ठोठावता येते, हाही तितकाच महत्त्वाचा निकष मानावयास हवा.

हा शेवटचा निकष केवळ जपानपुरता मर्यादित नाही. रोजगारासाठी परप्रांतांतून व परदेशांतून माणसे येत असलेल्या कोणत्याही समाजास तो लावून पाहता येईल.